कॉर्नरवरून गोल: ऑनलाइन फुटबॉल क्लबात नव्याने खेळणाऱ्यांसाठी

कॉर्नर (समोरच्या संघाला लागून चेंडू त्यांच्या गोलरेषेबाहेर गेला की कोपऱ्यातून मिळणारी किक) मिळाला की नव्या संघात ठरलेला गोंधळ होतो. कोपऱ्याजवळ जो असेल तो किक मारायला जातो, बाकीचे गोलासमोर गर्दी करतात, हेडफोनवर तीन-चार जण एकदम "मला दे रे, मला दे" ओरडतात. चेंडू सरळ गोलरक्षकाच्या हातात पडतो आणि काही क्षणांत समोरचा संघ आपल्या गोलापाशी पोचलेला असतो. फोंडा असो, डिचोली असो की काणकोण, नव्या क्लबांचं हे असंच चालतं. आणि ज्या गोव्याने २०१२ साली फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून जाहीर केलं, तिथल्या पोरांनी कॉर्नर असे वाया घालवलेले बघून खरोखर वाईट वाटतं.

हे मार्गदर्शन मुख्यतः ईए स्पोर्ट्स एफसी या व्हिडिओ गेममधल्या 'क्लब्ज' या प्रकारासाठी आहे. पूर्वी, म्हणजे खेळाचं नाव फिफा होतं तेव्हा, त्याला 'प्रो क्लब्ज' म्हणायचे. यात प्रत्येक जण मैदानावरचा एकच खेळाडू चालवतो. एका बाजूला अकरापर्यंत माणसं असू शकतात, कमी पडली तर उरलेले खेळाडू संगणक चालवतो. एफसी २४ पासून त्याच पिढीची यंत्रं असतील तर प्लेस्टेशनवाले आणि एक्सबॉक्सवाले एकाच क्लबात खेळू शकतात, त्यामुळे मडगावचा मामेभाऊ आणि साखळीचा वर्गमित्र यांना एकत्र आणणं सोपं झालं. मोबाइलवर ईफुटबॉल खेळणाऱ्यांची बटणं वेगळी आहेत, पण जागा आणि धाव यांबद्दल जे लिहिलंय ते तिथेही उपयोगी पडेल.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. कॉर्नरवरचा गोल किक मारणारा करत नाही आणि हेडर, म्हणजे डोक्याने फटका, मारणाराही एकटा करत नाही. एक जण उशिरा आणि वेगात मोकळ्या जागेत पोचतो, आणि ती जागा बाकीच्यांनी त्याच्यासाठी रिकामी केलेली असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत.

एक अपेक्षाही नीट ठेवा. खऱ्या फुटबॉलमध्ये शंभर कॉर्नरांतून साधारण तीन-चार गोल होतात. ऑनलाइन क्लबात बचाव करणारी माणसं चेंडूकडे बघत राहतात आणि आपला माणूस विसरतात, म्हणून संधी जास्त मिळते. तरीही दर कॉर्नरला गोल होणार नाही. सामन्यात पाच-सहा कॉर्नर मिळाले आणि त्यांतून दोन वेळा स्वच्छ हेडर मारायला मिळाला, तर तुमचं काम उत्तम चाललंय.

पहिली पायरी: नियम, त्यातही ऑफसाइड

साथीदार चेंडू मारतो त्या क्षणी तुम्ही चेंडूच्या आणि समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या, अशा दोहोंच्या पुढे असलात की ऑफसाइड. कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचा अर्धा भाग मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो: ही सूट फक्त त्या पहिल्या किकपुरती आहे. आपल्या संघातल्या दुसऱ्या कुणी चेंडूला स्पर्श केला की त्या क्षणापासून नेहमीचा नियम लागू होतो.

याचा फटका दोन ठिकाणी बसतो. पहिलं ठिकाण शॉर्ट कॉर्नर. कोपऱ्यातून तुम्ही जवळच्या साथीदाराला चेंडू दिला आणि स्वतः तिथेच गोलरेषेला चिकटून उभे राहिलात. त्याने चेंडू परत दिला की रेफरीची शिट्टी वाजते, कारण तुम्ही चेंडूच्या पुढे आहात आणि तुमच्यापेक्षा गोलरेषेजवळ बहुतेक वेळा फक्त गोलरक्षकच असतो. उपाय सोपा आहे. किक मारल्या मारल्या रेषेपासून आत, मैदानाकडे या आणि चेंडूच्या मागे राहा.

दुसरं ठिकाण जवळच्या खांबापाशी मागे सरकवलेला हेडर. पहिल्याने चेंडू डोक्याने मागे ढकलला आणि लांबच्या खांबाशी उभा असलेला तुमचा दुसरा खेळाडू चेंडूच्याही पुढे असेल, तर गोल रद्द होतो. अपवाद एकच: विरुद्ध संघाचा एखादा बचावपटू खांबाला टेकून गोलरेषेवर उभा असेल आणि गोलरक्षकही रेषेवरच असेल तर तो आणि गोलरक्षक मिळून दोघे होतात आणि तुमचे सगळे ऑनसाइड राहतात. म्हणून किक मारण्याआधी एकदा खांबांकडे बघा. तिथे माणूस उभा असेल तर मागे सरकवण्याचा डाव बिनधास्त खेळा.

बाकी नियम खेळ स्वतःच सांभाळतो. विरुद्ध खेळाडूंनी कोपऱ्यातल्या कमानीपासून ९.१५ मीटर लांब राहायचं असतं आणि एकदा मारलेल्या चेंडूला दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत तुम्ही पुन्हा हात लावायचा नाही, म्हणजे पाय. तेवढं पुरे.

दुसरी पायरी: सामना सुरू होण्याआधी कामं वाटा

कॉर्नर मिळाल्यावर कामं वाटायला वेळ नसतो. लॉबीत बसलेले असतानाच ठरवा.

कॉर्नर कोण घेणार? डावीकडून एक आणि उजवीकडून एक, अशी दोन नावं पक्की असू द्या. उत्तम ड्रिब्लिंग करतो म्हणून त्याला कॉर्नर देऊ नका. ज्याच्या खेळाडूचे क्रॉसिंग (कडेने चेंडू गोलासमोर टाकणं) आणि कर्व्ह (वळण) हे आकडे चांगले आहेत आणि जो घाई करत नाही, त्याला द्या. तुमचा सगळ्यात उंच आणि ताकदवान खेळाडू कोपऱ्यात उभा असेल तर डाव तिथेच हरला.

गोलरक्षकासमोर कोण? एक माणूस, फार तर दोन. त्यांचं काम गोल करणं नाही. गोलरक्षकाला पुढे यायचा रस्ता सहज मिळू नये आणि एखाददुसरा बचावपटू त्यांच्याबरोबर गोलरेषेकडे ओढला जावा, एवढंच त्यांचं काम. आपल्या ब्रह्मानंद संखवाळकरांनी साळगावकर क्लब आणि भारतासाठी जो गोल राखला (२०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली), तसं गोलासमोरच्या जागेवर राज्य करणारा गोलरक्षक समोर असेल तर उंच टाकलेला प्रत्येक चेंडू त्याचाच. पडद्यावरही जी माणसं गोलरक्षक म्हणून खेळतात त्यांतली काही पुढे येण्यात पटाईत असतात, तर काही रेषेवरून हलत नाहीत. पहिल्या कॉर्नरलाच ते ओळखा.

धावणारे दोन किंवा तीन. बॉक्सच्या टोकाशी, म्हणजे अठरा यार्डांच्या रेषेवर, एक. आणि मागे मध्यरेषेजवळ दोन. मागच्या दोघांची नावं घेतल्याशिवाय कॉर्नर मारूच नका. सगळ्यांना पुढे जायचं असतं, गोल आपणच करावा असं प्रत्येकाला वाटतं, आणि म्हणून मागे थांबणाऱ्यांचं कौतुक संघात मोठ्याने करावं लागतं. दर सामन्यात ही पाळी बदला.

संघात पाच-सहाच माणसं असतील तर उरलेल्यांकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. संगणकाचे खेळाडू बॉक्समध्ये येतात, कधी कधी छान हेडरही मारतात, पण तुमचा इशारा त्यांना कळत नाही. त्यांना गर्दीसाठी वापरा, धाव माणसाला घेऊ द्या.

तिसरी पायरी: तुमचा खेळाडू

क्लबासाठी स्वतःचा खेळाडू घडवताना बहुतेक जण त्याला बुटका आणि वेगवान ठेवतात, कारण बाजूने पळायला मजा येते. सगळेच तसे असतील तर कॉर्नर विसरा. अकरांत किमान दोघे उंच हवेत, त्यातला एक सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, असेल तर उत्तम. आकड्यांत हेडिंग ॲक्युरसी, जम्पिंग आणि स्ट्रेंथ हे तीन बघा. एफसी २४ पासून खेळाडूंना 'प्लेस्टाइल', म्हणजे खास कौशल्यं, मिळतात. धावणाऱ्याला पॉवर हेडर किंवा एरियल, कॉर्नर घेणाऱ्याला व्हिप्ड पास किंवा डेड बॉल असेल तर फरक जाणवतो. दर वर्षी नवीन आवृत्तीत नावं आणि आकडे थोडे इकडेतिकडे होतात, तेव्हा खरेदी केल्यावर एकदा ती यादी वाचून घ्या.

चौथी पायरी: किक

आधी वळण समजून घ्या. उजव्या कोपऱ्यातून डाव्या पायाने मारलेला चेंडू गोलाकडे वळतो. त्याच कोपऱ्यातून उजव्या पायाने मारलेला गोलापासून बाहेर वळतो. डाव्या कोपऱ्यात हे उलटं. आत वळणारा चेंडू धोकादायक असतो, कारण नुसता कुणाचा स्पर्श झाला तरी गोलात जाऊ शकतो. पण तो गोलरक्षकाच्या हाताकडेही जातो. बाहेर वळणारा चेंडू गोलरक्षकापासून लांब पळतो आणि धावत येणाऱ्याच्या डोक्याकडे येतो. नवख्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे की सुरुवात बाहेर वळणाऱ्या चेंडूने करा. चूक झाली तरी चेंडू गोलरक्षकाच्या कवेत जात नाही.

आत वळणाऱ्या चेंडूवर कुणाच्याही स्पर्शाशिवाय गोल होऊ शकतो का? होतो. २ ऑक्टोबर १९२४ रोजी अर्जेंटिनाच्या सेसारेओ ओन्सारीने उरुग्वेविरुद्ध तसा गोल केला. उरुग्वे तेव्हा नुकताच ऑलिम्पिक विजेता झाला होता, म्हणून दक्षिण अमेरिकेत अशा गोलाला आजही ऑलिम्पिक गोल म्हणतात. पडद्यावर त्याच्या नादी लागून कॉर्नर उधळू नका.

आता हात. फिफा २३ पासून किक मारताना डाव्या स्टिकने निशाणा हलवायचा आणि उजव्या स्टिकने चेंडूला कुठे मारायचं ते निवडायचं, अशी रचना आहे. चेंडूच्या बाजूला मारलं की वळण मिळतं, खाली मारलं की उंची. मग प्लेस्टेशनवर चौकोन, एक्सबॉक्सवर एक्स, म्हणजे नेहमीचं क्रॉस मारायचं बटण दाबून ताकद भरायची. जितका वेळ दाबाल तितकी ताकद. बार पूर्ण भरू देऊ नका, चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या थ्रोइनला जाईल. अर्ध्याच्या थोडं पुढे सोडा आणि तिथून स्वतःचा अंदाज बसवा.

निशाणा कुठे? गोलासमोरचा लहान चौकोन गोलरेषेपासून ५.५ मीटरवर संपतो आणि पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर असतो. या दोहोंच्या मधला पट्टा तुमचा. लहान चौकोनात टाकलेला चेंडू गोलरक्षकाचा असतो आणि ठिपक्याच्या मागे टाकलेल्या चेंडूवरचा हेडर गोलापर्यंत जोरात पोचत नाही. रोज त्याच पट्ट्यात टाका. कॉर्नर घेणाऱ्याची सगळ्यात मोठी गुणवत्ता म्हणजे चेंडू प्रत्येक वेळी सांगितलेल्या जागी पडणं. नाजूक वळणं नंतर येतील.

दिशा-बटणांवर काही ठरलेले डावही असतात: जवळच्या खांबाकडे धाव, लांबच्या खांबाकडे धाव, गोलरक्षकाभोवती गर्दी, बॉक्सच्या टोकाशी थांबणं. हे संगणकाच्या खेळाडूंना हलवतात. कोणतं बटण कोणत्या डावाचं हे पडद्यावर दिसतं. माणसं कमी असतील तेव्हा याचा उपयोग जरूर करा.

पाचवी पायरी: धाव

इथे थोडा वेळ थांबू या, कारण गोल इथे होतो.

नवखा खेळाडू चेंडू जिथे पडणार तिथे आधीच जाऊन उभा राहतो. त्याला मार्क करणाऱ्याचं, म्हणजे त्याच्यावर राखण ठेवणाऱ्याचं, काम त्याने सोपं केलं. उभा असलेला माणूस उडी मारतो ती सरळ वर, आणि बचावपटूही तशीच मारतो, मग उंची ठरवते. धावत येणारा मात्र वेग घेऊन येतो, त्याचा हेडर जोरकस लागतो आणि त्याच्यामागे येणारा बचावपटू नेहमी अर्धं पाऊल मागे पडतो. म्हणून सुरुवात मागून करा, पेनल्टीच्या ठिपक्याच्याही मागून, बॉक्सच्या टोकाजवळून.

कधी निघायचं? किक मारणाऱ्याचा खेळाडू चेंडूकडे पाऊल टाकतो तो क्षण. त्याआधी निघालात तर तुम्ही आधी पोचाल आणि थांबावं लागेल, आणि थांबलात की धाव संपली. किक लागल्यावर निघालात तर उशीर. दोन-तीन सामन्यांत ही वेळ अंगात बसते. तोपर्यंत किक मारणाऱ्याने हेडफोनवर "आता" म्हणावं.

निघण्याआधी स्थिर उभे राहू नका. दोन पावलं लांबच्या खांबाकडे जा आणि मग जवळच्या खांबाकडे वळा, किंवा उलट. माणसाने चालवलेला बचावपटू कॅमेऱ्यात चेंडूकडे बघत असतो. तुम्ही त्याच्या पाठीमागे गेलात की तो तुम्हाला शोधायला वळतो, आणि त्या वळण्यात तुमची धाव सुटते. संगणकाचा बचावपटू तुम्हाला चिकटून राहतो. त्याला असं फसवणं अवघड आहे, त्याच्या आणि तुमच्या मध्ये आपला दुसरा खेळाडू उभा करणं सोपं. दोघे धावणारे एकमेकांच्या रस्त्यातून कात्रीसारखे गेले की मार्क करणारे दोघे एकमेकांना धडकतात.

एकाच जागी दोघांनी धावू नका. एक जवळच्या खांबाकडे, एक मधल्या पट्ट्यात, तिसरा असेल तर लांबच्या खांबाच्या बाहेरून. जवळच्या खांबाकडे धावणाऱ्याला बहुतेक वेळा चेंडू मिळणार नाही, तरी त्याने पूर्ण वेगाने धावायचं. त्याच्याबरोबर एक बचावपटू जातो आणि मधला पट्टा रिकामा होतो. हे काम मनापासून करणारा खेळाडू संघात असेल तर त्याला जपा. आणि कधी कधी चेंडू त्याच्याकडेच येतो. १२ जुलै १९९८ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिनेदिन झिदानने ब्राझीलविरुद्ध पहिल्या अर्ध्यात दोन गोल केले, दोन्ही हेडर, दोन्ही कॉर्नरवरून, एक उजवीकडून एमान्युएल पेटीने मारलेला आणि एक डावीकडून ज्योरकाएफने. झिदान काही हेडरसाठी प्रसिद्ध नव्हता. तो बचावपटूच्या आधी जागेवर पोचला.

अशी धाव शिकायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे खरा सामना. फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर किंवा म्हापशाच्या धुळेर मैदानावर गेलात तर कॉर्नरच्या वेळी चेंडूकडे बघू नका. ठिपक्याजवळ जमलेल्यांकडे बघा: कोण ढकलतोय, कोण वाट अडवतोय, कोण सगळ्यात शेवटी निघतोय. गावच्या वाड्यावाड्यांच्या स्पर्धांतही हे सगळं दिसतं, तिथे तर तुम्ही खांबाच्या मागे उभं राहून बघू शकता.

चेंडू हवेत असताना बचावपटू अंगाला लागला तर डावीकडचा ट्रिगर, म्हणजे एल २ किंवा एलटी, दाबून खांदा लावा. तुमचा खेळाडू ताकदवान असेल तर जागा टिकते. गोलरक्षकाला मात्र मुद्दाम ढकलू नका, फाऊल जाईल.

सहावी पायरी: हेडर

शॉटचं बटण, म्हणजे प्लेस्टेशनवर वर्तुळ आणि एक्सबॉक्सवर बी, चेंडू डोक्यावर येण्याआधीच दाबायचं. चेंडू अजून वाटेत असतानाच तुमचा निर्णय खेळाला कळला पाहिजे. डोक्यावर आल्यावर दाबलं तर तोवर बचावपटूने उडी मारलेली असते.

दाब हलका ठेवा. नवखे पूर्ण ताकद भरतात आणि चेंडू आडव्या खांबावरून जातो. गोल फक्त २.४४ मीटर उंच आहे. जोर तुमच्या धावेतून आणि चेंडूच्या वेगातून आधीच आलेला असतो. दिशा स्टिकने तुम्हीच द्यायची. फिफा २१ पासून हेडरची दिशा हाताने द्यायची सोय आहे, तिथपासून स्टिक जिथे तिथे चेंडू, म्हणून घाईत स्टिक सरळ पुढे ढकललेली असेल तर चेंडू सरळ गोलरक्षकाच्या छातीवर. चेंडू ज्या बाजूने आला त्याच बाजूच्या खांबाकडे परत मारणं सहसा चांगलं, कारण गोलरक्षक चेंडूबरोबर सरकत पलीकडे निघालेला असतो.

गोलाकडे तोंड नसेल, शेजारी दोघे लटकलेले असतील, तर शॉट मारू नका. पासचं बटण दाबून डोक्याने चेंडू मागे किंवा बाजूला द्या. बॉक्सच्या टोकाशी उभा असलेला साथीदार पूर्ण मोकळा असतो आणि त्याची ती जागा ऑफसाइडच्या भानगडीतही नसते.

सातवी पायरी: दुसरे मार्ग

तोच डाव तीनदा खेळलात की समोरचे ओळखतात. तेव्हा शॉर्ट कॉर्नर. जवळ एक साथीदार बोलवा, पासच्या बटणाने जमिनीवरून द्या. त्याच्याकडे दोन बचावपटू आले तर बॉक्समधले दोन कमी झाले. न आले तर त्याला आत जाऊन चांगल्या कोनातून क्रॉस मारता येतो.

बॉक्सच्या टोकाशी थेट दिलेला चेंडू हा आणखी एक. तिथे चांगला शॉट असणारा खेळाडू हवा आणि समोरचे सगळे लहान चौकोनात कोंबलेले हवेत. फार वेळा वापरू नका. हुकला की प्रतिहल्ला थेट सुरू होतो.

आणि घाईचा कॉर्नर. ७ मे २०१९ रोजी लिव्हरपूलने बार्सिलोनाला ४-० हरवलं तो चौथा गोल आठवा: ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड कोपऱ्यापासून निघून जायला लागला, बचावपटू बेसावध दिसताच वळला, किक मारली आणि ओरिगीने गोल केला. ऑनलाइन खेळात चेंडू बाहेर गेल्यावर समोरची माणसं एकमेकांशी बोलण्यात, आपला माणूस शोधण्यात गुंतलेली असतात. तुमचे दोघे आधीच बॉक्समध्ये असतील तर वाट बघू नका, मारा. पण यासाठी तुमच्या संघाचंही लक्ष हवं, नाहीतर बेसावध तुमचेच सापडतील.

शेवटच्या मिनिटाला एक गोल कमी असेल आणि तुमचा गोलरक्षक माणूस चालवत असेल तर त्याला पुढे बोलवा. १६ मे २०२१ रोजी लिव्हरपूलचा गोलरक्षक ॲलिसनने वेस्ट ब्रॉमविरुद्ध ९५ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून सामना जिंकून दिला. गोलरक्षकाला कुणी मार्क करायला जात नाही, हेच त्याचं बळ.

आठवी पायरी: दुसरा चेंडू आणि मागची राखण

पहिला हेडर बहुतेक वेळा बचावपटूच मारतो. त्यानंतर चेंडू कुठे पडतो? सहसा बॉक्सच्या टोकाशी किंवा ज्या बाजूने कॉर्नर आला त्या बाजूला. म्हणून टोकाचा माणूस आणि कॉर्नर घेणारा, दोघांनीही किकनंतर झोपायचं नाही. टोकाच्या माणसाने पुढे पळत सुटू नये, आपली जागा धरावी. चेंडू पुन्हा मिळाला तर आधी मान वर करून बघा, कारण आता ऑफसाइड लागू आहे आणि गोलरक्षकासमोरचे तुमचे दोघे बहुधा चुकीच्या बाजूला आहेत. त्यांनी लगेच बाहेर यायला हवं. ते बाहेर येईपर्यंत चेंडू कडेला फिरवा.

मागच्या दोघांनी समोरच्या संघाच्या पुढे थांबलेल्या खेळाडूला मध्ये घ्यावं, एक त्याला लागून आणि एक थोडा मागे. चेंडू त्याच्याकडे आलाच तर पहिल्याने उडी घालून चेंडू काढायला जाऊ नये, त्याला कडेला ढकलत वेळ काढावा. बाकीचे परत येईपर्यंतचे काही क्षण मिळाले की पुरे.

हाका

गोव्यातल्या क्लबात एक मराठीत बोलतो, दुसरा कोकणीत, तिसरा हिंदीत, आणि दिल्लीहून आलेला कॉलेजमित्र इंग्रजीत. कॉर्नरच्या दहा सेकंदांत हे चालत नाही. चार हाका ठरवा आणि त्यांच्यापलीकडे बोलू नका. आमच्याकडे "पयलो" म्हणजे जवळचा खांब, "दुसरो" म्हणजे लांबचा, "भायर" म्हणजे बॉक्सचं टोक आणि "आखूड" म्हणजे शॉर्ट. हाक फक्त कॉर्नर घेणारा देतो. बाकीचे गप्प. मला माहीत आहे, गप्प राहणं सगळ्यांत कठीण. पण एकच आवाज असला की धाव वेळेवर निघते.

वायर आणि वीज

धाव आणि हेडर यांत क्षणाचाही उशीर महागात पडतो. वाय-फायऐवजी लॅनची वायर लावा, विशेषतः जुन्या जाड भिंतींच्या घरात, जिथे एका खोलीतला सिग्नल दुसरीत पोचत नाही. गणेश चवथीला घर पाहुण्यांनी भरतं, एकाच कनेक्शनवर सगळ्यांचे फोन चालू असतात, तेव्हा महत्त्वाचा सामना ठेवू नका. पावसाळ्यात वीज केव्हाही जाते. राउटर इन्व्हर्टरवर घेतला तर नेट टिकतं, कन्सोलला मात्र वेगळी सोय हवी. ज्याची वीज गेली त्याचं काम कोण घेणार हेही आधीच ठरलेलं असू द्या. तो मागे थांबणारा असेल तर त्याची जागा सगळ्यात आधी भरा.

सराव

पहिल्या आठवड्यात एकच डाव करा: बाहेर वळणारा चेंडू, मधला पट्टा, जवळच्या खांबाकडे एकाची खोटी धाव, मधे दुसऱ्याची खरी. कॉर्नर घेणाऱ्याने एकट्याने सराव मैदानात किक बसवाव्यात. धावणाऱ्यांनी मित्रांबरोबरच्या साध्या सामन्यात वेळ बसवावी, दुसऱ्या बाजूलाही ओळखीचे असतील तर मुद्दाम कॉर्नर मिळवत खेळता येतं. सामने रेकॉर्ड होत असतील तर कॉर्नरचे तुकडे परत बघा आणि धावणारा कोणत्या क्षणी निघाला एवढंच तपासा. हा डाव दहा-बारा कॉर्नरांत तीन-चार वेळा डोक्यापर्यंत पोचायला लागला की मग लांबच्या खांबाचा डाव शिकायला घ्या, आणि शॉर्ट कॉर्नर त्यानंतर.